एका विहिरीची सात खाती

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते, की लिखित मजकुरातून हवी ती गोष्ट संगणकानं कशी शोधून काढायची, या एकाच विषयावर मी तीस वर्षं डोकं खपवलं. त्या ओळीवर एवढी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. बहुतेक सगळी आपल्याच भागातली आहेत, खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव. चार पत्रं घेतली आहेत. एका गृहस्थांनी 'गूगल बंद पडलं तर तुम्ही दुरुस्त करता का' असं विचारलंय. नाही हो, ते त्यांचं ते बघतात.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाची १९५४ पासूनची इतिवृत्तं मी निवृत्तीनंतर स्वतः युनिकोडमध्ये टाइप केली. सहाशे पानं झाली. वाचनालयामागच्या विहिरीवरून दोनदा मोठा वाद झाला होता, ते ठराव हवे होते. संगणकात 'विहीर' घालून शोधलं तर तीनच ठिकाणी सापडली. मी माझ्या हातानं टाइप केलंय, तीसेक वेळा तरी विहीर आलेली आहे. मुलगा म्हणतो फाइल बिघडली. खरं का?
(निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका)

उत्तर : गुरुजी, फाइल शाबूत आहे. जी भानगड झालीय ती तुम्ही स्वतः आयुष्यभर फळ्यावर शिकवलेली आहे.

विहीर हा शब्द एकटा उभा असतो तेव्हा त्यातला 'ही' दीर्घ. प्रत्यय लागला, सामान्यरूप झालं, की तो ऱ्हस्व : विहिरीचा, विहिरीला, विहिरीवर, विहिरीतील. तुमच्या-माझ्या डोळ्याला ही सगळी एकच विहीर. संगणकाच्या लेखी दीर्घ वेलांटी हे एक चिन्ह आणि ऱ्हस्व वेलांटी हे दुसरं, त्यांचं एकमेकांशी नातं काय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही 'विहीर' मागितलीत, त्यानं 'विहीर' दिली. आता मला सांगा, इतिवृत्तात सुटी विहीर लिहितो कोण? 'विहिरीतील गाळ काढणेबाबत', 'विहिरीवरील रहाट दुरुस्तीचा खर्च मंजूर करणेत आला'. तिथं विहीर कायम कुठल्या तरी प्रत्ययाचं बोट धरूनच येते.

सापडलेल्या त्या तीन जागा पुन्हा एकदा बघा. माझी पैज आहे, त्यातल्या एखाद्या ठिकाणी कुणा जुन्या चिटणिसांनी 'विहीरीचा' असं लिहिलेलं असणार. म्हणजे शुद्धलेखन चुकलं म्हणून ती सापडली, आणि ज्यांनी नीट लिहिलं त्यांच्या हरवल्या.

हे विहिरीपुरतं थांबत नाही. दूध, दुधाचं. खानापूर, खानापुरात. देऊळ तर देवळात शिरताना 'ऊ' बाहेर काढून ठेवतं, चपला काढाव्यात तसं. इंग्रजीवाल्यांना हा त्रास कमी. त्यांचा शब्द बदलला तरी शेवटी एखादं शेपूट लागतं, आणि ते कापायचे नियम केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये असे नेटके बसवून दिले की आजही लोक ते वापरतात. आमच्याकडे शेपटांना शेपटं. 'विहिरीवरच्यांनासुद्धा' यात विहीर किती उरली ते मोजा.

तरुणपणी मला वाटलं, आपण मराठीसाठी ही कात्री करू. विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, सगळं कापायचे दीडशेच्या वर नियम मी वहीत लिहून काढले. पहिल्याच दिवशी माझ्या प्रोग्रामनं 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय म्हणून मिरचीची 'मिर' करून टाकली. 'वेदना'तला 'ना' कापून तिला थेट वेदांत नेऊन बसवलं. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. मी का हसतेय म्हणून त्यांनी विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "संकेश्वरी मिरची हाय म्हणावं त्याला, कापलीस तर हात पोळतील."

तरी कापण्याचा फायदा होतो, आणि तो मोजलेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातल्या ल्यिलियाना दोलामिच आणि जाक सावॉय यांनी हिंदी, मराठी आणि बंगाली वृत्तपत्रांच्या मजकुरावर हा प्रयोग केला, तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्यय अजिबात न कापता शोधलं आणि सढळ हातानं कापून शोधलं, या दोन्हींत हिंदीला सुमारे २८ टक्क्यांनी सुधारणा झाली, बंगालीला १८, आणि मराठीला ४२. तिघींत आपली विहीर सर्वांत जास्त हरवत होती, असा त्याचा अर्थ. त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती, ती वाचून मी माझी वही मिटली. व्याकरणबिकरण काही न बघता शब्दाची फक्त पहिली चार अक्षरं ठेवायची आणि बाकीचं फेकून द्यायचं, एवढ्या आडदांड युक्तीनंसुद्धा जवळपास तितकंच यश येत होतं. दीडशे नियम एकीकडे आणि लाकूडतोड्याची कुऱ्हाड दुसरीकडे.

तुम्हाला यातलं काही करायला नको. दोनदा शोधा. एकदा 'विहीर', एकदा 'विहिर', शेवटी काही न लावता. तीसच्या तीस सापडतील. 'विहि' एवढंच घालू नका, नाहीतर 'विहित नमुन्यातील अर्ज' गठ्ठ्यानं वर येतील. आणि एक : १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी बरेच अनुस्वार उडवले. त्याआधीची इतिवृत्तं तुम्ही मूळ बरहुकूम टाइप केली असतील तर तिथं 'गांव', 'नांव', 'कां' असेल. 'गाव' शोधून पहिली आठ वर्षं हाती लागणार नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मराठी मजकुरातला शोध हा विषय घ्यावा म्हणतो, पण मित्र म्हणतात चॅटबॉट आल्यावर हे सगळं जुनं झालं. गाइड म्हणतात इंग्रजीत कर, मराठीत डेटा नाही. काय करू? तुम्ही या विषयात कशा आलात?
(विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : शेवटचं आधी सांगते, कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे.

माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दिवसभर जे घडेल ते घडेल त्या क्रमानं रोजकीर्दीत उतरायचं : अमक्याला उचल दिली, तमक्याची गाडी उतरली, हमाली, पोती, चहा. रात्री घरी जेवण झालं की कीर्द उघडून त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. मी वाचून दाखवायची, अण्णा चढवायचे. कीर्द तारखेनं चालते, खतावणी माणसानं. कुणी दारात येऊन 'माझं किती झालं' म्हणालं तर वर्षभराची कीर्द चाळत बसायचं नाही, त्याचं खातं उघडायचं.

पुढं एमटेकला आमच्या सरांनी फळ्यावर 'इन्व्हर्टेड इंडेक्स' काढला. कागदपत्रं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकेक शब्द, आणि त्या शब्दापुढं तो कोणकोणत्या कागदात आलाय त्यांचे क्रमांक. जगातला कुठलाही शोधयंत्राचा कारखाना घे, पोटात हेच असतं. मी बाकावर बसल्या बसल्या म्हटलं, ही तर खतावणी! इंग्रजीत त्या नोंदींना पोस्टिंग म्हणतात, आणि हिशेबनीस कीर्दीतून खात्यावर रक्कम चढवण्यालाही तोच शब्द वापरतात. त्या दिवसापासून हा विषय मला परका वाटलाच नाही.

आता एक प्रसंग सांगते, तो प्रोजेक्टला उपयोगी पडेल. यमगर्णीकडचे एक शेतकरी होते. त्यांचं एक खातं त्यांच्या नावानं होतं आणि नजरचुकीनं दुसरं घराण्याच्या नावानं निघालं. उचल पहिल्या खात्यावर पडली, तंबाखूची पट्टी दुसऱ्यावर. हंगाम संपला, पट्टीचे पैसे पुरे दिले गेले, उचल तशीच राहिली. चार दिवसांनी ते गृहस्थच परत आले. "दिवाणजी, माझी उचल कापली न्हाई तुम्ही." अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. रक्कम फार नव्हती. पण एका माणसाची दोन खाती, ही त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखालची गोष्ट.

वरच्या गुरुजींच्या विहिरीचं हेच झालंय. विहीर, विहिरीचा, विहिरीला, विहिरीवर, विहिरीतील, विहिरीस, विहिरीजवळ : सात शब्द, सात खाती. एक मागितलं की एकच उघडतं.

याचा दुसराही तोटा आहे, तो वजनाचा. शब्द सापडणं ही अर्धी गोष्ट. तीस पानं सापडली तर वर कुठलं ठेवायचं? आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकात म्हटलं, कागदात एखादा शब्द किती वेळा येतो ते मोजा, त्यावरून कागद कशाबद्दल आहे ते कळेल. बरोबर, पण इतिवृत्तात सगळ्यात जास्त वेळा 'सभा' येते. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दुसरी बाजू मांडली : शब्द किती कागदांत येतो तेही बघा. जो सगळीकडे आहे त्याची किंमत शून्य.

गुरुजींच्याकडे ६४ सभांची इतिवृत्तं आहेत असं धरू. 'सभा' ६४ पैकी ६४ मध्ये. भागाकार १. 'सर्वानुमते' ३२ मध्ये, भागाकार २. विहीर ८ सभांत, भागाकार ८. 'रहाट' एकाच सभेत, ६४. आता १ पासून किती वेळा दुप्पट केलं की तो आकडा येतो ते मोज : सभा ०, सर्वानुमते १, विहीर ३, रहाट ६. हे त्या शब्दांचं वजन. 'विहिरीच्या रहाटाची सभा' असं कुणी शोधलं तर सभेनं काही होणार नाही, रहाटाचं पान वर येईल. पाटी-पेन्सिलीनं होणारं गणित आहे हे. ते पुढं कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांच्या स्मार्ट या यंत्रणेत मुरलं, आणि कागद म्हणजे बाण, प्रश्न म्हणजेही बाण, दोघांतला कोन जितका कमी तितकं जवळचं, अशी मांडणी त्यांनी १९७५ च्या लेखात केली. सॉल्टन यांचेच एक विद्यार्थी, आपल्या झाशीचे अमित सिंघल, पुढं गूगलच्या शोधाचे प्रमुख झाले. पण विहिरीची सात खाती असतील तर हे गणितही फसतं. 'विहिरीस' एकाच सभेत आला म्हणून त्याचं वजन रहाटाएवढं होऊन बसेल.

आता तुझे मित्र. चॅटबॉटला आपल्या स्वतःच्या कागदांवर प्रश्न विचारायचा असेल, तर बहुतेक वेळा आधी कुणीतरी त्या कागदांतून चार पानं शोधून त्याच्यापुढं ठेवावी लागतात, मग तो बोलतो. ती पानं काढणारा पुष्कळदा हाच जुना हिशेब असतो, बीएम२५ या नावाचा. तो लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घडवला. ल्युसीन हे फुकट मिळणारं शोधयंत्र आहे ना, त्यानं तर २०१६ मध्ये जुनं सूत्र बाजूला ठेवून बीएम२५ ला मुख्य जागेवर आणलं. अर्थ ओळखून शोधणाऱ्या नव्या पद्धती आहेत, चांगल्या आहेत, मी वापरते. पण आडगावचं नाव, सर्व्हे नंबर, ठराव क्रमांक असलं नेमकं काही शोधायचं असलं की त्या गडबडतात, आणि मोजणारा म्हातारा बरोबर बोट ठेवतो. पानंच चुकीची आली तर वर कितीही गोडबोल्या बसव.

डेटा नाही हे तुझ्या गाइडचं म्हणणं २००८ च्या आधी चाललं असतं. फायर नावाचा उपक्रम २००८ मध्ये भारतीय भाषांसाठीच सुरू झाला. त्यात मराठी वृत्तपत्रांतले लाखाच्या जवळपास लेख आणि ५० प्रश्न, कुठल्या प्रश्नाला कुठला लेख लागू ते माणसांनी ठरवलेलं, असं सगळं आहे. वर सांगितलेला ४२ टक्क्यांचा हिशेब त्यावरच केला होता.

आणि तो नको असेल तर स्वतःचा छोटा संच कर. ही पद्धत क्रॅनफील्डची. इंग्लंडमधल्या त्या विमानविद्येच्या कॉलेजात सिरिल क्लेव्हरडन नावाच्या ग्रंथपालांनी १९६० च्या दशकात १४०० लेख आणि २२५ प्रश्न घेऊन कुठली सूची बरी ते तपासलं. लागू असलेल्यांपैकी किती सापडले, आणि सापडलेल्यांपैकी किती लागू निघाले, हे दोन आकडे. साठ वर्षं झाली, आम्ही सगळे अजून तेच दोन आकडे काढतो. तू २०० कागद घे, २० प्रश्न घे. कुठला कागद लागू हे मात्र तू ठरवू नकोस. गावातल्या, त्या कागदांशी संबंध आलेल्या माणसाकडून ठरवून घे. माझ्या एका प्रात्यक्षिकात सगळे प्रश्न मीच तयार केले होते, सगळे सुरळीत सापडले. मग श्रोत्यांतले एक आजोबा उठले, त्यांनी 'बेळगांव' असं अनुस्वार देऊन लिहिलं, आणि पडद्यावर शून्य. बेळगावात उभं राहून बेळगाव सापडेना. हशा झाला तो झालाच.

प्रश्न : माझं डीटीपीचं दुकान आहे. एकाच फाइलमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. डोळ्याला तर अगदी तोच दिसतो. जुन्या फाइलींत तर एकही मराठी शब्द सापडत नाही.
(डीटीपी व्यावसायिक, बेळगाव)

उत्तर : दादा, हा त्या आडव्या 'ऱ्य'चा खेळ. तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यामागं एक डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह. छापून दोन्ही सारखे, आत दोन वेगळे. एका कीबोर्डवर एक निघतो, दुसऱ्यावर दुसरा, आणि तुमच्याकडं चार गिऱ्हाइकांच्या फाइली एकत्र होतात. सरसकट बदलून पहिला प्रकार करून टाका. पुढाऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर, सगळे एकदम रांगेत येतील.

जुन्या फाइली जुन्या फाँटात असणार. त्यात मराठी मुळातच नाही, रोमन अक्षरांना मराठी अंगरखा घातलाय. फाँट बदलून बघा, खाली भेळ दिसेल. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागेल, आणि नंतर जोडाक्षरं हातानं तपासावी लागतील. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या वडिलांचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये एका प्रकारे आहे, घरातल्या जुन्या मराठी खरेदीखतात यल्लाप्पा आहे, दुसऱ्या एका कागदात एल्लप्पा. सगळे एकच हे आम्हाला माहीत आहे. संगणकाला हे कळू शकतं का? माझी मुलगी म्हणते, कन्नड नाव मराठीत केलं तरी शोधल्यावर जुळत नाही.
(गृहिणी, चिकोडी तालुका)

उत्तर : वहिनी, तुमच्या मुलीनं नेमकं दुखणं पकडलंय.

लिपी बदलणं तसं सोपं. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी 'क' २३२५ वर, कन्नड 'क' ३२२१ वर. 'ळ' बघा : आपला २३५५, त्यांचा ३२५१. दोन्हीकडं फरक ८९६. हा योगायोग नाही. आपल्या लिप्यांसाठी १९८८ मध्ये इस्की नावाचं भारतीय मानक ठरलं, त्यात सगळ्या लिप्या एकाच तक्त्यावर बसवल्या होत्या, युनिकोडनं तीच बैठक उचलली. कन्नड क्रमांकातून ८९६ वजा केले की देवनागरी हजर. सीमाभागातल्या वादावर इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुणाकडं नसेल.

घोटाळा त्यापुढं होतो. कन्नडमध्ये 'ए' दोन, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. मराठीत एकच. कन्नडमध्ये ते नाव ऱ्हस्व 'ए'नं सुरू होत असेल, तर वजाबाकी करून देवनागरीत जे चिन्ह येतं ते मराठी कधीच वापरत नाही. आपल्या कीबोर्डवरही ते सहसा नसतं. दिसायला 'ए'सारखं, म्हणून मुलीला वाटतं जुळायला हवं. दुसरं, आपण 'पाटील' लिहून शेवटचा 'ल' अर्धा बोलतो. कन्नडमध्ये काही जण तसंच लिहितात, काही जण उच्चाराप्रमाणे शेवटी हलन्त देतात. गावांचंही तेच. रेणुकेच्या जत्रेला जाताना आपण सौंदत्ती म्हणतो, कन्नड पाटीवर सवदत्ती असतं. पूर्वी तलाठ्याला हे सगळं तोंडपाठ असायचं. २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेत राज्यातले सुमारे २ कोटी उतारे संगणकावर चढले, तेव्हापासून नाव अक्षरशः जुळावं लागतं.

यावर दोन जुने उपाय आहेत. एक रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांचा, १९६५ चा. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. यल्लाप्पाचा यल्लप्पा करायला एक काना काढला, अंतर १. त्याचा एल्लप्पा करायला 'य' जागी 'ए', आणखी १. दोन पावलांत माणूस घरी आला.

दुसरा त्याहून जुना, अमेरिकेत १९१८ मध्ये ज्याचं पेटंट दिलं गेलं, त्या साउंडेक्सच्या जातीचा. नावाचे स्वर सोडून द्यायचे, सारखी ऐकू येणारी व्यंजनं एका घरात टाकायची, आणि उरलेला सांगाडा जुळवायचा. मी आपल्या भागासाठी तो असा करते : वेलांट्या-उकार-काने गाळायचे, श-ष-स एक, जोडाक्षर दुप्पट असेल तर एकदाच धरायचं, शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' आणि 'य' एक. यल्लाप्पा, यल्लप्पा, एल्लप्पा, तिघांचा सांगाडा 'यलप'. छान जमतं. काळाप्पाचा मात्र 'कळप' होतो, त्याला मी काय करू.

पण इथं मला थांबायला लागतं. काळाप्पा आणि बाळाप्पा यांच्यातलं अंतरही १ च आहे. आणि ते एकच माणूस नव्हेत. बऱ्याचदा सख्खे भाऊ असतात, शेजारी शेजारी शेत असलेले. संगणकानं त्यांना एक केलं तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. गुरुजींच्या विहिरीची सात खाती एक करताना चुकलं तर एखादं विहित नमुन्यातलं पान जास्त येईल, एवढंच. इथं गुंठे जातात. यमगर्णीच्या त्या प्रकारानंतर अण्णांनी एक शिस्त घालून घेतली होती. खतावणीत दोन खाती एकाच माणसाची वाटली तरी ती आपण होऊन जोडायची नाहीत. समासात पेन्सिलीनं खूण करायची आणि तो माणूस गावात आला की विचारायचं. "कागदावरनं जोडायचं न्हाई. माणूस समोर पायजे."

म्हणून माझा प्रोग्राम नावं जोडत नाही, समासातली खूण तेवढी करतो. नाव जुळतं वाटलं की बापाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर विचारतो. तिन्ही जुळले तर वर ठेवतो, एक जरी वेगळं निघालं तर खाली. शेवटचा निर्णय घरातल्या जाणत्या माणसाचा, आणि कायद्याचं काम असेल तर वकिलाचा. माझ्या यादीची प्रत पुरावा म्हणून कुठंही लावू नका.

तुम्ही असं करा. एका कागदावर नावाची जेवढी रूपं घरात सापडतील तेवढी, ज्या कागदावर आहेत त्याच्या तारखेसकट लिहून काढा. कन्नड रूप कन्नडमध्येच उतरवा, मराठी करून नको. इंग्रजी असेल तर तेही, फक्त तिथं 'ल' आणि 'ळ' एकच होतात हे लक्षात असू द्या. आणि पत्रात तुम्ही यल्लाप्पांच्या वडिलांचं नाव लिहायचं विसरलात. ते कळवा. खरेदीखताच्या ज्या छायाप्रती पाठवल्यात त्यातल्या दुसऱ्या पानावर साक्षीदार म्हणून एक काळाप्पा दिसतायत, ते घरातले की शेजारचे, तेवढंही सासऱ्यांना विचारा.